समोरच्याचं वाक्य

आमचे घरमालक कधीही खोलीच्या मधोमध उभे राहत नसत. दिवाळीत फराळाला वर बोलावलं, की ताटली घेऊन दाराजवळच्या कपाटाला टेकायचे आणि तिथून एकेकाकडे असं बघायचे, की तो माणूस आपोआप बोलायला लागायचा. आमच्याकडच्या सगळ्या फोटोंत ते कडेला आहेत. एका फोटोत तर त्यांचा एक कान आणि हातातली चकली एवढंच आलं आहे. फोटो काढताना मी म्हटलं होतं, "डेप्युटी, जरा आत सरका की." ते म्हणाले, "मी आत आलो तर लोक माझ्याकडे बघतील. मग तुमच्याकडे कोण बघणार?"

हा विनय नव्हता. तो त्यांचा धंदा होता.

पन्नास-साठच्या दशकांत ते अमेरिकेत चरित्र अभिनेते होते. सिनेमात थोडे आणि टेलिव्हिजनवर पुष्कळ. काउबॉयच्या गोष्टींत नायक घोड्यावरून गावात येतो, हॉटेलात शिरतो आणि गल्ल्यामागचा माणूस त्याला खोलीची किल्ली देतो. तो किल्ली देणारा माणूस म्हणजे हे. कधी न्हावी, कधी तारमास्तर, कधी न्यायाधीश. पहिल्याच भेटीत माझा नवरा मंदार त्यांना विचारून बसला, "म्हणजे तुम्ही शेरीफ व्हायचात?" ते गंभीरपणे म्हणाले, "छे. शेरीफ मोठा माणूस. मी त्याचा डेप्युटी." तेव्हापासून आमच्या घरात त्यांचं नाव डेप्युटी पडलं आणि पुढे तोंडावरही आम्ही तेच म्हणू लागलो. ते मला 'बॉस' म्हणायचे, कारण मी याद्या करते. फ्रिजवर किराण्याची, दारामागे आठवड्याच्या कामांची, फोनमध्ये बाकी सगळ्याची. त्यांना त्याची गंमत वाटायची. माझी यादी हातात घेऊन ते ती नाटकाच्या संहितेसारखी वाचून दाखवायचे. "कांदे," म्हणायचे आणि थांबायचे. "पण कोण म्हणतं हे? कुणाला?"

घर हॉलंडमधल्या फोरबर्ग गावात, ट्रामच्या थांब्यापासून जवळ. तळमजल्यावर ते एकटे आणि वरचे दोन मजले आमच्याकडे भाड्याने. घर मुळात त्यांच्या डच बायकोचं. आम्ही राहायला गेलो, त्याच्या आदल्या वर्षी त्या वारल्या होत्या. काउबॉयचे दिवस संपले तेव्हा हे स्वस्तातल्या सिनेमांच्या मागे स्पेनला आले, तिथे सुट्टीवर आलेली एक दंतवैद्याची मदतनीस त्यांना भेटली आणि ते तिच्याबरोबर हॉलंडला आले. इथे त्यांनी एका शाळेत इंग्रजी शिकवलं, फावल्या वेळात यंत्रांच्या माहितीपटांना आवाज दिला. "पंपांना," ते सांगायचे. "पंप फार चांगला नायक असतो. मधे बोलत नाही."

आपल्या कामाबद्दल ते क्वचित बोलत, पण बोलले तर नेमकं बोलत. "नायक मला विचारतो, उत्तरेकडून कोणी आलं होतं का? मी सांगतो, काल संध्याकाळी दोघं आले होते. मी हे बरोबर बोललो तर प्रेक्षक नायकाच्या चेहऱ्याकडे बघतात. चुकीचं बोललो तर माझ्या चेहऱ्याकडे बघतात. समोरच्याचं वाक्य पडू द्यायचं नाही. त्याला काय हवंय ते ओळखायचं आणि द्यायचं. बाकी सगळी टोपी."

टोपी म्हणजे वेशभूषा. सोमवारी न्हावी आणि गुरुवारी न्यायाधीश. चष्मा तोच, टोपी वेगळी. रस्त्यात लोक त्यांच्याकडे बघून थबकायचे आणि विचारायचे, तुम्ही माझ्या भावाच्या ऑफिसात होतात का? सगळ्यांना ते ओळखीचे वाटायचे, नाव कोणालाही यायचं नाही. हे सांगताना त्यांना वाईट वाटत असेल म्हणून मी चेहरा तसा केला, तर म्हणाले, "अगं, हीच पावती."

एकदा मात्र त्यांना मोठी संधी मिळाली होती. एका मालिकेत तारमास्तरावर अख्खा भाग लिहिला होता आणि तारमास्तर नेहमी हेच असायचे. पहिल्याच दिवशी कॅमेरा त्यांच्या जवळ आला आणि थांबला. "मी वाट बघत होतो, तो पुढे कधी जातो. गेला नाही. मग मी मागे वळून बघितलं, की हा बघतोय तरी कोणाकडे." पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. दुपारनंतर दिग्दर्शकाने ती भूमिका दुसऱ्याला दिली आणि हे त्याच भागात हमाल झाले. "हमाल उत्तम झाला," ते म्हणाले.

हे सगळं मी तेव्हा किस्से म्हणून ऐकलं. माणूस असा खरोखरच बनलेला असतो, हे कळायला मला वेळ लागला.

एक तर त्यांचे हात कधी रिकामे नसत. बोलताना चष्म्याचं घर, किल्ल्या, बटाटा, जे सापडेल ते. दुसरं म्हणजे ते ऐकायचे. मंदार माझ्याशीसुद्धा मोजकं बोलतो. तो एकदा खाली बल्ब बदलायला गेला आणि दीड तासाने वर आला. नोकरी जाईल अशी भीती त्याला कित्येक महिने वाटत होती, हे त्याने आधी त्यांना सांगितलं आणि मग मला. माझी ऑफिसची मीटिंग बागेत चालायची तेव्हा ते कुंपणालगतच्या झाडांना पाणी घालत. एकदा मीटिंग संपल्यावर म्हणाले, "तुझा साहेब ऐकत नाही, बॉस. आपली पाळी कधी येते, एवढंच बघत असतो." खरं होतं.

पण या ऐकण्याची दुसरी बाजूही होती. प्लंबर आला आणि म्हणाला, तुमचा बॉयलर फार जुना आहे, तर हे असा सुस्कारा टाकत, की वर्षानुवर्षं त्या बॉयलरने त्यांना छळलं असावं. बॉयलर ठणठणीत होता. तो गेला, नवा आला. माझी आई नाशिकहून व्हिडिओवर बोलायची. परदेशातली म्हातारी माणसं एकाकी असतात, असं तिचं पक्कं मत. हे फोनसमोर आले की एकाकी व्हायचे. आई डोळे पुसायची आणि मला बजावायची, त्यांना रोज गरम पोळी देत जा. फोन बंद झाला की हे शीळ घालत बागेत जायचे. मंदार म्हणायचा, "ह्यांना कोणी भूत समजून घाबरलं, तर हे भिंतीतून जायला लागतील."

मग करोना आला. पहिल्या टाळेबंदीत त्यांचं वाणसामान मी आणू लागले. पिशवी दाराशी ठेवायची, घंटा वाजवायची आणि दीड मीटर मागे सरायचं. ते दारात उभे राहून बोलायचे. त्यांचा एक पत्ते खेळणारा डच मित्र होता. तो चोवीस तास परिचारिका असलेल्या एका वृद्धाश्रमात राहायचा. त्या वसंतात तिथे भेटी बंद झाल्या. डेप्युटी सायकलवर जायचे आणि खिडकीबाहेरून त्याला हात करायचे. काचेतून आवाज जायचा नाही. पुढे तो मित्र गेला. त्याबद्दल डेप्युटी एवढंच म्हणाले, "शेवटचे कित्येक आठवडे त्याच्यासमोर कोणी बसलं नाही."

नोव्हेंबरात ते स्वयंपाकघरात सतरंजीवरून घसरले. मोडलं काही नाही, पण गुडघा सुजला आणि त्यांच्या बायकोच्या पहिल्या लग्नाची मुलगी, मरायके, काळजीत पडली. ती दूर ग्रोनिंगनला राहते, सरळ बाई आहे. तिने मला फोन केला. "ते नव्वदीला आलेत. एकटे आहेत. मी इथून काय करू? त्यांना एकटं राहणं जमतं का, याची इथल्या पद्धतीप्रमाणे सरकारी पाहणी होऊ दे. पाहणी करणारे म्हणाले घरी राहू द्या, तर घरी. नाही म्हणाले तर चांगली जागा शोधते." यात मला काही गैर दिसलं नाही. आमचाही स्वार्थ होता, तो लिहून टाकते. ते गेले तर घर विकलं जाणार, म्हणजे आम्हालाही जागा शोधावी लागणार. पण डेप्युटींना घरीच राहायचं होतं. ते त्यांनी मला एकदाच आणि सरळ सांगितलं. "तिथे खोल्या असतात, बॉस. दारं लावलेली असतात. मी कोणासमोर बसू?"

निर्बंधांमुळे पाहणी व्हिडिओवर होणार होती. मी तयारी करून घेतली. पाहणी करणारी मी, उत्तरं द्यायचे ते.

"आंघोळ स्वतः करता?"

"करतो."

"औषधं?"

"वारांच्या डबीत. सकाळी एकदाच."

"विसरायला होतं का?"

"लोकांची नावं. पण ती मी तिशीतही विसरायचो."

"हे शेवटचं बोलू नका. नुसतं नाही म्हणा. किस्से सांगायचे नाहीत."

"जशी आज्ञा."

दोन-तीनदा घेतलं. उत्तम झालं. पाहणीच्या दिवशी मी लॅपटॉप लावला आणि मास्क लावून खिडकीपाशी, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बसले.

पडद्यावर एक तरुण मुलगी आली. तिच्यामागे वाळत घातलेले कपडे, कुठेतरी मूल रडतंय. तिने माफी मागितली. मग तिची प्रश्नांची जागा हरवली, तिने पुन्हा माफी मागितली. म्हणाली, "मी या कामात नवीन आहे. आणि असं पडद्यावर माणसाचं काहीच कळत नाही हो."

मला डेप्युटींचे खांदे दिसत होते. ते खाली आले. हात टेबलावरून फिरला आणि चष्म्याचं घर त्यांनी उचललं. मी तिथून 'नको' अशी मान हलवत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"कधी विसरायला होतं का?" तिने विचारलं.

त्यांनी चष्मा काढला, त्याकडे बघितलं. म्हणाले, "बायको होती तेव्हा..." आणि थांबले.

मुलगी पडद्याजवळ आली. तिची चुळबुळ थांबली होती. "सांगा ना," ती हळू म्हणाली.

"कधीकधी जिन्यात उभा असतो. आणि वर चाललो होतो की खाली, ते आठवत नाही."

तिने पुढे सगळं नीट विचारलं, न अडखळता. त्यांनी प्रत्येक प्रश्नाला तिला धरून ठेवता येईल असं काहीतरी दिलं. शेवटी ती म्हणाली, "थँक यू, सर. आज पहिल्यांदा वाटलं, की मला हे काम जमेल." ते समाधानाने हसले. पडदा काळा झाला, आणि मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"हे काय केलंत?" मी म्हटलं.

"ती बुडत होती, बॉस."

"बुडू द्यायचं. तिची नोकरी आहे, घर तुमचं आहे."

"तसं करता येत नाही."

"तुमच्या मजल्यावर जिनाच नाही, डेप्युटी."

"तिला कुठे दिसत होतं."

अहवाल आला. चोवीस तास देखरेखीची शिफारस होती. मरायकेने चांगल्या जागांची चौकशी सुरू केली आणि एका ठिकाणी त्यांचं नाव प्रतीक्षेत घातलं. मी तिला फोनवर सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मीही त्यांना विचारलं. ते म्हणाले, मी अभिनय करत होतो. आता तूच सांग, विसरभोळा झालेला माणूस दुसरं काय म्हणेल?"

त्या हिवाळ्यात ते पहिल्यांदा गप्प झाले. एकदा मी पिशवी घेऊन गेले तर टेबलापाशी बसले होते. हातात बटाटे सोलायची सुरी, बटाटा नाही. मी म्हटलं, "फेरपाहणी मागता येते. मी अर्ज लिहिला आहे, सही करा." त्यांनी सही केली. मग म्हणाले, "दुसऱ्या वेळीही तेच होईल. तो कॅमेरा पुन्हा माझ्यावर थांबेल."

ते वाक्य घेऊन मी वर आले. पोळ्या लाटताना, मीटिंगमध्ये, लशीच्या रांगेत, तेच डोक्यात. या माणसाकडून पाठांतर करून घेणं ही चूक होती. त्यांना उत्तरं येत होती, पण मुख्य भूमिका येत नव्हती. आणि नव्वदाव्या वर्षी ती शिकवायची कशी, याची यादी करता येत नव्हती.

फेरपाहणी पुढच्या जूनमध्ये ठरली, या वेळी घरी येऊन. त्याआधी तीन आठवडे मी ट्रामच्या रुळांत सायकलचं चाक घालून पडले आणि घोटा मुरगळला. पाहणीच्या सकाळी मी पट्टी बांधत होते, तर मंदार दारात उभा राहिला.

"तुझा पाय बरा झालाय ना? काल तर बाजार करून आलीस."

"आज नाही झालेला."

"म्हणजे?"

"आज मी पेशंट आहे. ते शेजारी आहेत."

तो आत गेला. मग काठी आणून दिली आणि म्हणाला, "कण्हताना बेताने. तू कण्हलीस की ऑर्डर दिल्यासारखं वाटतं."

मी खाली जाऊन त्यांच्या स्वयंपाकघरात बसले आणि पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवला. पाहणीला या वेळी पन्नाशीची एक बाई आली. चटपटीत, मास्कवरचे डोळे धारदार, तिला कोणाची मदत नको होती. तेवढंच मला हवं होतं. तिने कागद काढले. मी कण्हले.

डेप्युटींनी माझ्याकडे बघितलं. पायाकडे बघितलं. मग उठले.

पुढचा पाऊण तास ते बसलेच नाहीत. फ्रीजरमधून बर्फ काढला, पंच्यात गुंडाळला, माझ्या घोट्याखाली उशी सरकवली. चहा ठेवला. ती बाई विचारत होती आणि ते हातातलं काम न थांबवता, तिच्याकडे अर्धवट पाठ करून उत्तर देत होते.

"औषधं घ्यायची राहतात का?"

"माझी सकाळीच झाली, डबी खिडकीत आहे, बघा हवं तर. पण हिला सांगा काहीतरी. हिची गोळी जेवणानंतरची, आणि ही बिस्किटावर घेते."

"पडलात कधी?"

"एकदा, मागच्या नोव्हेंबरात. ती सतरंजी त्याच दिवशी काढून टाकली. ट्रामचे रूळ मात्र काढता येत नाहीत, म्हणून या बाई अशा बसल्यात."

चहा झाला. त्यांनी गॅस बंद केला, बटण परत एकदा चाचपलं, तिच्या कपात साखर घालताना विचारलं आणि माझ्या कपात न विचारता अर्धा चमचा घातली. मी अर्धाच चमचा घेते. ती बाई लिहायची थांबून बघत होती.

जाताना मी तिला दारापर्यंत सोडायला गेले. ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही वर राहता ना? या पायाने जिना कसा चढता? घरी मदतीला कोणी आहे?"

"नवरा आहे."

"आणि खाली हे आहेत," ती म्हणाली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

मी परत आत आले. डेप्युटी कप विसळत होते.

"पाय कधी बरा झाला?" त्यांनी विचारलं.

"मागच्या आठवड्यात."

"वाटलंच. दाराशी गेलीस ती काठी खुर्चीवर ठेवून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझं दृश्य होतं," ते म्हणाले.

निकाल आला. घरीच राहावं, सकाळी एक परिचारिका येऊन जाईल. मरायकेने फोनवर माझे आभार मानले. मी काय केलं, ते मी तिला सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

तो उन्हाळा आणि पानगळ त्यांनी त्याच स्वयंपाकघरात काढली. रोज सकाळी परिचारिका यायची. परिचारिका बदलत, आणि प्रत्येकीला पहिल्या आठवड्यातच डेप्युटींशी आपलं फार जमतं असं वाटायचं. जानेवारीत पुन्हा सगळं बंद होतं. ते थकले होते. हाउसआर्ट्स, म्हणजे आमचा फॅमिली डॉक्टर, येऊन गेला. म्हणाला, आता हृदयाला विश्रांती हवी आहे, घरीच असू द्या. मरायके दोन दिवस येऊन राहिली. ती परत गेल्यावर मी आणि मंदार आळीपाळीने खाली जात होतो.

एका सकाळी परिचारिकेने आमची घंटा वाजवली. नवी होती, विशीतली, मास्क हनुवटीवर आलेला. डेप्युटी गेले, ती म्हणाली. मंदार लगेच खाली गेला. मी तिला आत बसवलं आणि चहा टाकला.

"मी त्यांचं तोंड पुसलं, उशी सारखी केली," ती सांगू लागली. "त्यांनी विचारलं, तू कुठली? मी म्हटलं, झेलंडची. मग त्यांनी विचारलं, घरी कोण कोण? मी आईच्या कुत्र्याबद्दल सांगायला लागले. तो समुद्राला घाबरतो आणि तरी रोज किनाऱ्यावर जायचा हट्ट करतो. ते माझ्याकडे बघत होते. मी त्यांचा हात धरून बोलत होते, पुष्कळ वेळ. मग गोष्ट संपली, मी हसले, आणि..." तिने हनुवटीवरचा मास्क काढून टाकला. "ते कधी गेले, मला कळलंच नाही. मी गप्प बसायला हवं होतं का?"

"नाही," मी म्हटलं. तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. "तो कुत्रा. पुढे काय झालं त्याचं?"

तिने नाक पुसलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.